कॅमेऱ्याच्या फ्लॅश बोर्डांपासून चार्जर: आधी रिकामं करायची सोय, मग भरायची

प्रश्न असा आहे. चार डिस्पोजेबल कॅमेऱ्यांमधून काढलेले फ्लॅशचे बोर्ड हाताशी आहेत. १००० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा एक कपॅसिटर आहे आणि जुन्या स्टुडिओ लाइटमधली एक झेनॉन ट्यूब आहे. चारही बोर्ड जोडून कपॅसिटर ३०० व्होल्टपर्यंत भरायचा आणि त्यावर ट्यूब पेटवायची. बोर्ड पॅरलल जोडले तर चालतील का, चौघांना एकच सेल पुरेल का, भरायला किती वेळ लागेल, आणि या फ्लॅशने फुटणारा फुगा टिपता येईल का?

थोडक्यात सांगायचं तर बोर्ड पॅरलल चालतील, एक सेल पुरणार नाही, वीस-पंचवीस सेकंद लागतील आणि फुगा टिपता येणार नाही. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही आजच डाख द्यायला (सोल्डरिंगला) बसाल, आणि प्रश्नात जे विचारलेलं नाही तेच या कामात सगळ्यात महत्त्वाचं आहे. भरलेला कपॅसिटर रिकामा कसा करणार? गेली बरीच वर्षं मी फ्लॅशची सर्किटं दुरुस्त करतो आणि मोडून नव्यानं बांधतो. माझ्या अनुभवात चार्जर बनवणं सोपं असतं. ते बोर्ड त्याच कामासाठी जन्माला आलेत. अवघड असतं ते चार्ज नीट उतरवणं.

आधी आकडे बघू. कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्सच्या निम्म्याला व्होल्टेजच्या वर्गानं गुणायचं. कॅमेऱ्यातला मूळ कपॅसिटर साधारण १२० मायक्रोफॅरडचा आणि ३३० व्होल्टचा असतो. ३०० व्होल्टला त्यात ५.४ जूल मावतात. तुमच्या १००० मायक्रोफॅरडमध्ये त्याच व्होल्टेजला ४५ जूल. आठपटीहून जास्त. पण धोका नुसत्या जूलमध्ये मोजून कळत नाही, वेळ मोजावा लागतो. एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या करंटला शरीराचा रेझिस्टन्स १५०० ओहम धरू. ३०० व्होल्टला सुरुवातीचा करंट झाला २०० मिलिअँपिअर, तो दोन्ही बाबतीत सारखाच. फरक पडतो तो ओसरायच्या वेळात. १२० मायक्रोफॅरडचा झटका ०.१८ सेकंदात ओसरायला लागलेला असतो. १००० मायक्रोफॅरडला त्याच टप्प्याला यायला दीड सेकंद लागतो. दीड सेकंदात हृदयाचे एक-दोन ठोके होतात, आणि तेवढा वेळ छातीतून करंट वाहत राहतो. कॅमेऱ्याचा झटका अनेकांनी खाल्लाय आणि हात झटकून पुढे काम केलंय. त्या अनुभवावर विसंबून मोठ्या कपॅसिटरकडे बघू नका. हा वेगळा प्राणी आहे.

मलाही छोटा झटका बसलाय, आणि तो चालू सर्किटचा नव्हता. खणात ठेवून दिलेला एक सुटा बोर्ड होता. सेल काढून बरेच दिवस झाले होते, म्हणून मी तो सरळ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उचलला. मागच्या बाजूचे कपॅसिटरचे दोन्ही डाख नेमके बोटांखाली आले. झटक्यापेक्षा जास्त इजा हात मागे फेकला गेल्यामुळे झाली. मनगट शेगड्याच्या (व्हाइसच्या) कडेवर आपटलं आणि सूज उतरायला आठवडा गेला. चांगला कपॅसिटर चार्ज किती दिवस धरून ठेवतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडचा प्रत्येक सुटा बोर्ड कपॅसिटरच्या पायांना तार गुंडाळूनच खणात जातो.

कॅमेरे अजून उघडायचे असतील तर सेल आधी काढा. तळाला किंवा बाजूला त्याची झडप असते. सेल काढला म्हणजे कॅमेरा मेला असं नाही, आतला कपॅसिटर भरलेला असू शकतो. कवच उघडताना स्क्रूड्रायव्हरचं टोक आत खोल घालू नका, कारण बऱ्याच मॉडेलांमध्ये कवचाच्या लगेच आत बोर्डाची डाखाची बाजू असते. बोर्ड दिसला की २.२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन पायांवर दहा सेकंद धरा. रेझिस्टर उघड्या बोटांनी धरायचा नाही. मल्टिमीटरच्या जुन्या प्रोबना डाख देऊन जोडून घ्या, म्हणजे हातात फक्त प्लॅस्टिकच्या मुठी राहतात. मग मीटर ६०० किंवा १००० व्होल्ट डीसीच्या रेंजवर ठेवून मोजा. आकडा दोन-तीन व्होल्टच्या खाली आला की बोर्डाला हात लावा.

स्क्रूड्रायव्हरनं दोन पाय शॉर्ट करायची पद्धत सर्रास चालते. मी ती माझ्या टेबलावर कुणाला करू देत नाही. त्या क्षणी शेकडो अँपिअर वाहतात, धातू वितळून त्याचे कण उडतात, ते डोळ्यात जाऊ शकतात, आणि कपॅसिटरच्या आतल्या जोडांना धक्का बसतो तो वेगळाच.

आता बोर्ड कसा चालतो ते बघू, कारण पॅरलल जोडणीचं उत्तर तिथेच आहे. दीड व्होल्टच्या सेलवर एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर मिळून ऑसिलेटर बनतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीचे वेढे मोजकेच असतात, दुय्यम गुंडाळीचे हजाराच्या वर. प्राथमिकमधून करंट वाढत जातो, फीडबॅक ट्रान्झिस्टरला आणखी उघडतो, एका टप्प्यावर तो अचानक बंद होतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. सेकंदाला हजारो वेळा. फ्लॅश चालू केल्यावर जी बारीक शिट्टी ऐकू येते ती याचीच. दुय्यमच्या बाजूचे पल्स एका डायोडमधून, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागातून, जाऊन कपॅसिटर भरतात. कपॅसिटर भरत जातो तशी शिट्टी चढत जाते. तो आवाज ओळखायला शिका. शिट्टी चढत नसेल तर कपॅसिटर भरत नाहीये, मीटर लावायच्या आधी कानाला कळतं.

बाकीचं सर्किट फ्लॅशच्या कामाचं. निऑनचा छोटा दिवा तयारी दाखवतो. ट्रिगरचा लहानसा कपॅसिटर आणि ट्रिगर कॉइल मिळून काही हजार व्होल्टचा पल्स देतात, त्यानं ट्यूबमधल्या झेनॉनचं आयनीकरण होतं आणि मुख्य कपॅसिटर तिच्यातून रिकामा होतो. काही बोर्डांमध्ये एकदा बटण दाबलं की चार्जिंग सुरू होतं आणि पुरेसं व्होल्टेज आलं की आपोआप थांबतं. काहींमध्ये बटण दाबून धराल तोवर चालू राहतं. तुमचे चार बोर्ड कोणत्या जातीचे आहेत ते एकेकटा चालवून पाहा आणि प्रत्येकावर लिहून ठेवा. मिश्र जाती एकत्र चालतात, फक्त आपोआप थांबणारे आधी गप्प होतात आणि उरलेले व्होल्टेज पुढे नेत राहतात.

बोर्ड एकटा तपासताना त्याचा मूळ कपॅसिटर जागेवर असू द्या. कपॅसिटर काढून रिकामा बोर्ड चालवला तर दुय्यमचे पल्स बेबंद चढतात आणि डायोड किंवा ट्रान्झिस्टर जातो. नुसता बोर्ड चालतोय का एवढंच बघायला गेलेल्या कितीतरी जणांचे बोर्ड असे मेलेत.

पॅरलल जोडताना प्रत्येक बोर्डाच्या प्लस तारेत एक एक डायोड घाला असं सगळे सांगतात. खरं तर बोर्डावरचा मूळ डायोडच करंट ट्रान्सफॉर्मरकडे परत जाऊ देत नाही, त्यामुळे जादा डायोडशिवायही चार बोर्ड एकत्र चालतात. तरी मी घालतोच. हे भंगारातले भाग आहेत. एखाद्या बोर्डाचा मूळ डायोड शॉर्ट झाला तर तो एकटा अख्खी जोडणी खाली खेचतो, आणि चारातला दोषी कोण हे शोधण्यात संध्याकाळ जाते. इथे पल्सचा उलटा झोका बोर्डावरचा जलद डायोडच अडवतो, त्यामुळे १एन४००७ पुरतो. बोर्डावरचाच डायोड बदलायचा असेल तर मात्र १एन४००७ नको, तो त्या पल्सना फार सुस्त पडतो. तिथे यूएफ४००७ सारखा जलद डायोड लागतो.

बोर्डावरचे १२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ठेवायचे की काढायचे? काढा. ते ठेवले आणि पुढे डायोड घातला, तर ट्यूब पेटेल त्या क्षणी हे चारही कपॅसिटर त्या बिचाऱ्या एक अँपिअरच्या डायोडमधून आपला सगळा माल ओततील आणि डायोड फुटेल. काढल्यावर मोठा कपॅसिटर जोडलेला नसताना बोर्ड चालू करायचे नाहीत हे लक्षात ठेवा, कारण आत्ताच सांगितलं तेच होईल. माझी सवय अशी की मोठ्या कपॅसिटरची तार स्क्रूच्या कनेक्टरवर ठेवत नाही, थेट डाख देतो. निसटायला जागाच नको.

सेलचं बघू. चारही बोर्डांना चार वेगळे सेल द्या. एक कारण उघड आहे. चार्जिंगच्या सुरुवातीला एकेक बोर्ड एक-दोन अँपिअर ओढतो. चौघांचे सहा-सात अँपिअर एका पेन्सिल सेलमधून मागितले तर त्याचं व्होल्टेज इतकं कोसळतं की एकही बोर्ड धड चालत नाही. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही आणि तेच जास्त छळतं. बऱ्याच बोर्डांमध्ये दुय्यम गुंडाळीचं एक टोक ट्रान्झिस्टरच्या बेसला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) जोडलेलं असतं, म्हणजे हाय व्होल्टेजची बाजू आणि सेलची बाजू आतून गुंतलेल्या असतात. आउटपुट एकत्र केले आणि सेलही एकत्र केला की एकाचा करंट दुसऱ्याच्या बेसमधून वाट काढतो. एक बोर्ड गातो, दुसरा गप्प बसतो, तिसरा गरम होतो. सेल वेगळे ठेवले की हा सगळा गुंता संपतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरा. त्यांचं व्होल्टेज १.२ असलं तरी आतला रेझिस्टन्स कमी असतो, आणि जास्त करंट ओढताना ते अल्कलाइनपेक्षा कमी दबतात.

याच गुंत्यामुळे सेल वेगळे असले तरी सेलची बाजू सुरक्षित समजू नका. चार्जिंग चालू असताना सेलच्या होल्डरला हात लावणं म्हणजे ३०० व्होल्टच्या एका टोकाला हात लावणं. सगळं ज्या डब्यात बांधाल त्याच्या आतच सेल ठेवा, आणि बदलायचे तेव्हा मीटरवर शून्य बघून.

वेळ काढायला सोपा हिशेब. चांगल्या सेलवर एक बोर्ड १२० मायक्रोफॅरड सुमारे आठ सेकंदांत ३०० व्होल्टला नेतो असं धरू. ५.४ जूल आठ सेकंदांत, म्हणजे सरासरी ०.६७ वॅट. ४५ जूलला एका बोर्डाला ६७ सेकंद आणि चौघांना १७ सेकंद. हे कागदावर. माझ्या चार बोर्डांच्या डब्याला प्रत्यक्षात २४ सेकंद लागतात. रिकामा मोठा कपॅसिटर सुरुवातीला शॉर्टसारखाच वागतो आणि त्या अवस्थेत बोर्ड नीट ऊर्जा देत नाहीत. ट्रान्झिस्टरकडे लक्ष ठेवा. तो आठ-दहा सेकंदांच्या कामासाठी निवडलेला आहे. पाठोपाठ पाच-सहा वेळा भरलं की तो चटका देण्याइतका तापतो. दोन चार्जमध्ये मिनिटभर थांबा.

व्होल्टेज सरळ रेषेत चढत नाही हेही माहीत असू द्या. ऊर्जा वर्गाच्या हिशेबानं वाढते, त्यामुळे निम्म्या व्होल्टेजला पोचलात तेव्हा फक्त पाव ऊर्जा भरलेली असते. शेवटचे वीस व्होल्ट फार रेंगाळतात. त्यांच्यासाठी मी थांबत नाही. २८० व्होल्टला ३९ जूल होतात, आणि ३९ आणि ४५ मधला फरक फोटोत एका स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) पाचव्या हिश्शाएवढा. डोळ्याला कळतही नाही.

आता रिकामं करायच्या सोयीकडे येतो. कपॅसिटरला कायमचा ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे चार्ज सतत हळूहळू उतरवणारा रेझिस्टर, लावा हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण किती ओहमचा हे कुणी सांगत नाही. १०० किलोओहम लावून बघा. ३०० व्होल्टला तो ०.९ वॅट खातो. तुमचा एक बोर्ड सरासरी ०.६७ वॅट देतो! एकाच बोर्डावर चाचणी घेत असाल तर व्होल्टेज २६० च्या आसपास अडकेल आणि तुम्ही बिचाऱ्या बोर्डाला दोष द्याल. म्हणून कायमचा ब्लीडर एक मेगओहमच्या घरातला हवा. ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. दोन अशासाठी की साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरची व्होल्टेज मर्यादा बहुधा २५० व्होल्टच असते. हा ब्लीडर ०.१ वॅटही खात नाही. पण त्याच्या भरवशावर ३०० चे ३० व्होल्ट व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. तो विसरलेल्या डब्यासाठी आहे, हात घालायच्या आधीची सोय म्हणून नाही.

ती सोय वेगळी. २.२ किलोओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर घ्या आणि तो रिलेच्या (विजेनं चालणाऱ्या स्विचच्या) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वीज नसताना मिटलेल्या, कॉन्टॅक्टमधून कपॅसिटरवर जोडा. रिलेला वीज मिळाली की कॉन्टॅक्ट उघडतो आणि कपॅसिटर भरू शकतो. वीज गेली, तार तुटली, रिलेचा सेल संपला, काहीही बिघडलं की कॉन्टॅक्ट आपोआप मिटतो आणि नऊ-दहा सेकंदांत कपॅसिटर पाच व्होल्टखाली येतो. बिघाड झाला की रिकामं होणं, हे वागणं त्या डब्याच्या हाडात असलं पाहिजे. या रिलेच्या कॉइलला मी किल्लीचा स्विच लावलाय आणि किल्ली माझ्या खिशात असते. डिस्चार्ज सुरू झाला की तो पूर्ण होऊ द्या, मध्येच रिले पुन्हा ओढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यावर येऊन विझत नाही, उघडणाऱ्या कॉन्टॅक्टला ती जाळते. याच कारणानं स्विचवर छापलेला २५० व्होल्ट एसीचा आकडा ३०० व्होल्ट डीसीला लागू पडत नाही.

चार सेलची वाट मी दुसऱ्या, चार पोलांच्या (चार वाटा एकदम जोडणाऱ्या-तोडणाऱ्या) रिलेतून नेलीय आणि तो रिले दाबून धरायच्या बटणावर चालतो. बोट उचललं की चार्जिंग थांबतं. चालू-बंद स्विच लावला तर फोन वाजतो, माणूस उठून जातो आणि बोर्ड भरतच राहतात. आपोआप थांबणारे बोर्ड नसतील तर तुमचा ४५० व्होल्टचा कपॅसिटर कुठवर चढेल याची हमी नाही. डब्यावर एक मीटर कायमचा लावा, तोंडासमोर दिसेल असा. निऑनच्या दिव्यावर विसंबू नका. तो अमुक व्होल्टच्या वर पेटतो एवढंच सांगतो आणि विझलेला निऑन म्हणजे रिकामा कपॅसिटर असं मुळीच नाही. २०० व्होल्टलाही तो विझलेला असू शकतो.

रिकामा केलेला मोठा कपॅसिटर पुन्हा थोडा जागा होतो हे नवख्यांना खोटं वाटतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा डायइलेक्ट्रिक (आतला इन्सुलेशनचा थर) काही चार्ज शोषून ठेवतो आणि पाय मोकळे सोडले की तो हळूहळू परत बाहेर येतो. शून्यावर आणलेला कपॅसिटर काही वेळानं बरेच व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून रिकामा केल्यावर दोन पाय तारेनं जोडून ठेवायचे. ते विसरायचं नाही.

कपॅसिटरच्या भीतीची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो, ती या विद्येइतकीच जुनी आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या पीटर फान मुशेनब्रुक या शास्त्रज्ञानं १७४६ मध्ये पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीत साठवलेल्या विजेचा झटका खाल्ला आणि लिहिलं की अख्खं फ्रान्सचं राज्य दिलं तरी असा झटका पुन्हा घेणार नाही. त्या बरणीत तुमच्या कपॅसिटरच्या मानानं ऊर्जा नगण्य होती.

तुमचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कुठून काढलाय हे प्रश्नात नाही. जुना असेल, वर्षानुवर्षं पडून असेल, तर आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो आणि गळती खूप वाढते. असा कपॅसिटर पहिल्याच दिवशी पूर्ण वेगानं ३०० व्होल्टला नेऊ नका. १०० किलोओहम, २ वॅटच्या रेझिस्टरमधून त्याला हळूहळू भरा. बोर्डाचा मूळ कपॅसिटर या वेळी जागेवर राहू द्या, म्हणजे बोर्ड रिकामा चालणार नाही. दहा-पंधरा मिनिटांनी त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. १० व्होल्ट पडत असतील तर गळती ०.१ मिलिअँपिअर, ठीक आहे. अर्ध्या तासानंतरही १०० व्होल्ट पडत असतील तर एक मिलिअँपिअर गळतोय, म्हणजे एका बोर्डाची जवळजवळ निम्मी ताकद नुसती उष्णता बनतेय. तो टाकून द्या. वरचं टोपण फुगलेला किंवा बुडाशी ओल आलेला तर हातातही धरू नका. आणि पट्टा असलेली बाजू मायनसची. उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक आतून वायू धरतो आणि फुटतो.

पॉवर सप्लायमधले कपॅसिटर आणि फ्लॅशचे कपॅसिटर दिसायला सारखे, स्वभावानं वेगळे. फ्लॅशचा कपॅसिटर एका दमात रिकामा होण्यासाठी बनवलेला असतो, आतला रेझिस्टन्स कमी आणि जोड मजबूत. पॉवर सप्लायमधला तसा वापरला तर काही दिवस चालतो, तापतो आणि हळूहळू मरतो. ट्यूबच्या कामाला मी फ्लॅशचेच वापरीन. तुमच्याकडे २०० व्होल्टचे दोन सारखे कपॅसिटर असतील तर सिरीजमध्ये ४०० व्होल्टचा एक होतो, पण कपॅसिटन्स निम्मा होतो आणि प्रत्येकावर ४७० किलोओहमचा एक रेझिस्टर लावावाच लागतो. नाहीतर दोघांच्या गळतीतल्या फरकामुळे एकावर जास्त व्होल्टेज चढतं आणि तो आधी जातो. तेच दोन रेझिस्टर ब्लीडरचंही काम करतात.

दोन क्लृप्त्या तुम्हाला कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. बोर्डाला दीडऐवजी तीन व्होल्ट द्या, लवकर भरतं. भरतं खरं, पण ट्रान्झिस्टर थोड्याच वेळात जातो आणि जाईपर्यंत व्होल्टेज ३३० च्या पुढे निघून गेलेलं असतं. दुसरी, दोन बोर्डांचे आउटपुट सिरीजमध्ये लावून ६०० व्होल्ट मिळवा. त्या वाटाण्याएवढ्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन त्यासाठी केलेलंच नाही. मी हे दोन्ही करत नाही. जास्त वेगवान चार्जर हवा असेल तर कपॅसिटर भरण्यासाठी खास बनवलेल्या आयसी मिळतात, एलटी ३७५० हा त्यातला एक. ठरलेल्या व्होल्टेजला तो स्वतः थांबतो.

राहिला फुगा. मोठा कपॅसिटर म्हणजे जास्त प्रकाश हे बरोबर, पण तो प्रकाश लांबतो. पेटलेल्या ट्यूबचा रेझिस्टन्स दोन ओहम धरा. १००० मायक्रोफॅरडला झोत सुमारे दोन मिलिसेकंद टिकतो. फुग्याच्या फाटणाऱ्या रबराचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर तेवढ्यात कड १० सेंटिमीटर सरकते आणि फोटोत नुसता धूर दिसतो. १२० मायक्रोफॅरडला ती १२ मिलिमीटर सरकते. १० मायक्रोफॅरडवर आलात की एक मिलिमीटर, आणि तिथे फोटो ठसठशीत यायला लागतो. ऊर्जा मात्र ०.४५ जूलच. म्हणून फ्लॅश फुग्यापासून हातभर अंतरावर आणायचा, कॅमेऱ्याचा आयएसओ चढवायचा, खोली अंधारी करून शटर उघडं ठेवायचं. एमआयटीमधल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी उडत्या गोळीचे फोटो मायक्रोसेकंदाच्या घरातल्या झोतानं काढले, त्यामागेही हाच हिशेब होता: कपॅसिटन्स अगदी कमी आणि व्होल्टेज हजारोंत. पडणाऱ्या पाण्याच्या थेंबाचा वेग सेकंदाला तीनेक मीटर असतो, त्याला ४७ मायक्रोफॅरड चालून जातात.

म्हणजे तुमचा मोठा कपॅसिटर वाया गेला का? नाही. स्थिर वस्तू, चित्रं, छत्रीवरून परतवलेल्या प्रकाशात माणसांचे चेहरे, यासाठी ४० जूल छान आहेत. ट्यूब तेवढे जूल झेलते का आणि तिला किमान किती व्होल्ट लागतात हे मात्र तिच्या माहितीपत्रकात बघा. कॅमेऱ्यातली मूळ ट्यूब तिथे लावू नका, ती पाच-सहा जूलसाठी बनलेली आहे आणि चाळीसला तडकते.

आणि एक गोष्ट, जी करायच्या आधी माझं ऐका. या बोर्डांच्या ट्रिगरच्या पत्त्या थेट डिजिटल कॅमेऱ्याच्या हॉट शूला (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला) जोडू नका. त्या पत्त्यांवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि काही कॅमेऱ्यांचं सर्किट सहा व्होल्टच्या वर काही सहन करत नाही. मध्ये ऑप्टोकप्लरनं (इशारा प्रकाशानं पोचवणाऱ्या भागानं) चालणारा थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, घाला, म्हणजे कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यात तारेचं नातंच राहत नाही.

बांधणी प्लॅस्टिकच्या डब्यात करा, झाकणाला धातूचे स्क्रू नकोत. ट्यूबकडे जाणाऱ्या तारा जाड आणि आखूड, ६०० व्होल्टच्या इन्सुलेशनच्या. पहिली चाचणी एकाच बोर्डानं आणि १२० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरवर घ्या, मोठा अजून जोडू नका. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातानं बटण. चष्मा घाला. ३०० व्होल्टला बोट उचला आणि मीटर बघत बसा. ब्लीडर लावलेला असताना दोन मिनिटांत आकडा शंभराच्या आसपास यायला हवा. मग पुन्हा भरून किल्ली फिरवा, सिमेंट रेझिस्टरनं तो दोन सेकंदांत पाचाखाली आला पाहिजे. किल्लीऐवजी रिलेची तार उपटून हीच चाचणी परत करा. तिन्ही वेळा आकडे जुळले तरच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायला घ्या.